एकोणचाळीस नंबरचा चमत्कार

"रडू आलं ना सिस्टर, तर अजिबात अडवायचं नाही," ब्रदर केंडल आरशात बघत म्हणाला. गळ्यात टॉवेल, अर्धा गाल पावडरीने पांढरा, अर्धा लाल. "लोकांना डोळ्यांतलं पाणी दिसलं पाहिजे. तीन नंबरचा कॅमेरा तुमच्या तोंडावरच लावायला सांगतो."

"तीन नंबरचा कॅमेरा बंद पडून चार वर्षं झाली," ऑर्फा म्हणाली.

"मग दोन नंबरचा. काय सांगायचं ते लक्षात आहे ना?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्रूस दिसला."

"असं बटाटे दिसल्यासारखं नका सांगू हो! अख्ख्या दरीत काळोख, कुठे दिव्याचा ठिपका नाही, माणसं थंडीने कुडकुडतायत, आणि वर... वर, सिस्टर!" केंडलने पावडरीचा पफ छताकडे नाचवला. पावडर त्याच्याच बुटांवर पडली. "वर प्रभूचा क्रूस जळतोय! तारेशिवाय! तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर तुम्हाला बसवतोय."

"डेन्झिलचं नाव घेणार का तुम्ही?"

केंडलचा हात थांबला. "डेन्झिलचं? घेऊ की. शेवटी खालून नावांची पट्टी जाते ना, त्यात टाकू. केळ्याचं पुडिंग करून आणलेल्या बायका, गाड्या लावून देणारी मंडळी, त्यांच्यातच. त्याला काय झालंय आता?"

"फुप्फुसं."

"आमेन," केंडल म्हणाला आणि दुसरा गाल रंगवायला घेतला.

ऑर्फा स्टॅलार्ड तीस वर्षं या चॅनेलवर राबत होती. त्या तीस वर्षांत तिला चॅनेलबद्दल आदर वाटला असा एक दिवस शोधून काढ म्हटलं असतं, तर बिचारीला तो सापडला नसता. चॅनेलचं नाव मोठं भारदस्त होतं, 'लिव्हिंग वेल टेलिव्हिजन.' पण केंटकीच्या डोंगरातल्या त्या दरीत सगळे त्याला एकोणचाळीस नंबर म्हणत. नाव एवढं मोठं आणि ताकद एवढीशी. गावाबाहेर कोंबड्यांच्या कारखान्यापर्यंत गेलं की चित्रात मुंग्या सुरू व्हायच्या. पुढच्या वळणावर तर प्रवचन चाललं असताना मधेच शेजारच्या राज्यातला कुणीतरी जुन्या मोटारी विकायला लागायचा, आणि खरं सांगायचं तर दोघांच्या बोलण्यात फारसा फरक नव्हता.

चॅनेल काढलं केंडलच्या बापाने, ब्रदर रॉस्को टॅकेटने. रॉस्को गालिचे विकायचा. धंदा पार बसला, आणि मग देवाने त्याला हाक मारली. गालिचे खपले असते तर देवाला हाक मारायची बुद्धी झाली नसती, असं ऑर्फाचं स्पष्ट मत होतं. वॉशिंग्टनहून परवाना आला, डोंगराच्या माथ्यावर मनोरा उभा राहिला, आणि गालिच्यांच्या दुकानाचाच स्टुडिओ झाला. न खपलेले गालिचे आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ठोकले. ते अजूनही तिथेच आहेत आणि पावसाळी हवेत ओल्या कुत्र्यासारखा वास मारतात. बसायला दोन सोनेरी खुर्च्या आणल्या, त्या बंद पडलेल्या अंत्यसंस्कारगृहातल्या. रॉस्कोची बायको कापडी उंटाची बाहुली हातात चढवून मुलांना बायबल सांगायची. केंडलचे चार काका चार वेगवेगळ्या सुरांत एकच भजन गायचे. आणि दर तासाला रॉस्को पडद्याजवळ येऊन हात पुढे करायचा. "आता घरबसल्या टीव्हीवर हात ठेवा! दुखतंय तिथे दुसरा हात ठेवा!"

लोक ठेवायचे. अक्कल गहाण टाकलेली माणसं या दरीत काही कमी नव्हती. एकदा एका म्हातारीने फोन केला, टीव्हीला हात लावला तर अंगातून झिणझिण्या गेल्या, हाच पवित्र आत्मा का? रॉस्कोने तिला हो म्हणून सांगितलं. तिच्या घरातल्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, ते नंतर आग लागली तेव्हा कळलं.

ऑर्फा हे सगळं बघायची आणि दातांखाली जीभ धरायची. कॅमेरा धरायची, बटणं दाबायची, संडास धुवायची, आणि दुपारी प्रार्थनेच्या फोनवर बसायची. पलीकडून कुणी मुलासाठी रडायचं, कुणी कुत्र्यासाठी. ऑर्फा सँडविच चावता चावता "प्रभू ऐकतोय" म्हणायची. फोन करणाऱ्याला लाल कापडाचा एक चौकोन पोस्टाने जायचा, प्रार्थना केलेला. कापड ती घाऊक आणायची आणि टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत कातरायची. प्रार्थना कुणी केली म्हणाल तर कुणीच नाही. त्या कापडाने बरं वाटलं अशी पत्रं यायची, तेव्हा तिला त्या लोकांची कीव यायची नाही, चीड यायची. स्वतःचीही यायची.

पण एकोणचाळीस नंबरचं खरं बस्तान बसलं ते त्या बर्फाच्या फेब्रुवारीत.

पाऊस पडत होता आणि पडता पडता गोठत होता. फांद्या मोडल्या, खांब आडवे झाले, तारा तुटल्या, आणि अख्ख्या तालुक्याची वीज गेली ती लवकर आलीच नाही. पण मनोऱ्यावर रॉस्कोने दिव्यांचा क्रूस बसवला होता, तो मात्र जळत राहिला, आणि चॅनेलही चालू राहिलं. तीन दिवस, तीन रात्री. दरीतल्या प्रत्येक घरातून दिसत होता. वीज परत आल्यावर रॉस्को कॅमेऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. तार तुटली, पण देवाने आपलं चॅनेल तुटू दिलं नाही, म्हणाला. झाला चमत्कार. पुस्तिका छापल्या गेल्या, आजूबाजूच्या राज्यांतून गाड्या भरून माणसं मनोरा बघायला आली. आता, अख्ख्या तालुक्यात वीज नव्हती, तर ते चॅनेल बघत कोण होतं? हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही माईच्या लालाला पडला नाही.

ऑर्फाला पडायचं कारणच नव्हतं, कारण क्रूस कशावर जळत होता ते तिला माहीत होतं.

मनोऱ्याच्या डोंगराखाली स्टॅलार्डांचा गोठा होता. ऑर्फा, तिचा नवरा डेन्झिल आणि चाळीसेक गायी. दूध काढायचं यंत्र होतं, आणि वीज गेली तर ते चालवायला ट्रॅक्टरला जोडायचा एक जनरेटर होता. त्या बर्फात पहिल्याच संध्याकाळी रॉस्को टॅकेट काठी टेकत, घसरत, पडत त्यांच्या दारात आला. "डेन्झिल, लोक काळोखात आहेत रे. त्यांना क्रूस तरी दिसू दे. एका रात्रीचा प्रश्न आहे." ऑर्फा म्हणाली, आणि गायी? रॉस्को म्हणाला, गायींचा मालकही तोच आहे, सिस्टर. हे असं उत्तर दिलं की पुढे बोलायची सोय राहत नाही. डेन्झिलने ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या बांधल्या, मागे जनरेटर जोडला आणि तो वर गेला.

एका रात्रीचे तीन दिवस झाले. मागे झाडं पडून रस्ता बुजला. डेन्झिल वर डिझेल घालत बसला आणि ऑर्फा खाली चाळीस गायींपुढे एक बादली घेऊन बसली. यंत्राची सवय लागलेल्या गायी हाताला दाद देत नव्हत्या. कासा फुगून दगडासारख्या झाल्या. गायी हंबरत होत्या, लाथा झाडत होत्या, एक तर गव्हाणीवर डोकं आपटत होती. तिसऱ्या दिवशी ऑर्फाला मुठी मिटता येईनात. डेन्झिल खाली आला तेव्हा सडांतून दुधाऐवजी रक्त आणि गाठी येत होत्या. निम्म्या गायी कसायाकडे गेल्या, उरलेल्या आटल्या. वसंतात गोठा रिकामा झाला. डेन्झिल कोंबड्यांच्या कारखान्यात लागला, आणि तिथली पिसं, धूळ आणि औषधं हुंगून त्याची फुप्फुसं गेली ती ही अशी.

आणि रॉस्को काय म्हणाला? "जनरेटरचं कुठे बोलू नकोस, डेन्झिल. लोकांचा विश्वास आत्ता कुठे उभा राहतोय. देवाला माहीत आहे ना? मग झालं."

डेन्झिलने मान डोलावली! त्या डोलावलेल्या मानेवर ऑर्फाचा आजवर राग होता. रॉस्को लुच्चा होता, ठीक आहे, लुच्च्याने लुच्चेगिरी करायची. पण आपलं सगळं गेलं आणि हा माणूस शेळीसारखा मान हलवतो? वर रॉस्कोने उपकार केल्यासारखं तिला चॅनेलवर कामाला घेतलं, आणि तिला ते घ्यावं लागलं. रॉस्को मेला तेव्हा डेन्झिल त्याच्या शवपेटीपाशी रडला होता. ऑर्फाने त्या दिवशी कॅमेरा धरला होता, आणि नवऱ्याचं रडकं तोंड चित्रात येऊ नये म्हणून मुद्दाम दुसरीकडे वळवला होता.

अशा या डेन्झिलने उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. पण महिनाभर एकोणचाळीस नंबरवर जाहिरात चालू होती, 'आपल्या चॅनेलची चाळीस वर्षं, आपला इतिहास, थेट प्रक्षेपण.' तो नाकात प्राणवायूच्या नळ्या घालून खुर्चीत बसायचा आणि बघायचा. एक दिवस म्हणाला, "यात येईल का गं माझं नाव? आता रॉस्को नाही. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही."

"कशाला हवंय तुला त्या भामट्यांच्या तोंडून नाव?"

"हवंय असं नाही. पण इतिहास म्हणतायत ना."

डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हा उन्हाळा निघेल, पुढचं धरून चालू नका. ऑर्फा म्हणाली, "येईल. मी बघते." आणि म्हणून आज ती, जी एरवी कॅमेऱ्याच्या मागे असायची, अंत्यसंस्कारगृहाच्या सोनेरी खुर्चीत बसायला तयार झाली होती. सकाळी ती निघाली तेव्हा डेन्झिलने दाढी केली होती आणि टाय बांधला होता. टीव्ही बघायला!

रविवारी चर्च सुटल्यावर कार्यक्रम सुरू झाला. ऑर्फा समोर बसल्यामुळे तिच्या जागी बटणांवर केंडलची बायको शेरिलिन होती. तिला लाल आणि हिरवं सोडून तिसरा रंग कळत नसे. फोनपाशी सिस्टर नोव्हालीन होती, ऑर्फाच्याच वयाची, कानाने अधू आणि म्हणून फोनवर नेमलेली.

चार काकांतले उरलेले दोन गाऊन गेले. मग केंडल दुसऱ्या सोनेरी खुर्चीत टेकला आणि त्याने आवाज खाली आणला. "आणि आज आपल्यात एक साक्षीदार आहे. सिस्टर ऑर्फा, त्या रात्री तुम्ही खिडकीतून काय पाहिलंत?"

दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला. ऑर्फाने त्या दिव्याकडे नाही, काचेकडे पाहिलं. पलीकडे टाय बांधलेला तिचा नवरा होता.

"क्रूस पाहिला," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या जनरेटरवर जळत होता. डेन्झिल स्टॅलार्डच्या. आमच्या गोठ्यातला जनरेटर त्याने ट्रॅक्टरने वर नेला होता, ब्रदर रॉस्कोने मागितला म्हणून. वर बसून तो तीन दिवस डिझेल घालत होता. चमत्कार कसला डोंबलाचा! खाली आमच्या गायी दूध न काढल्यामुळे कासा सडून कसायाकडे गेल्या. गोठा गेला आमचा. आणि हे कुणाला सांगू नका म्हणून आम्हाला सांगितलं होतं."

केंडलचं तोंड उघडं राहिलं. पावडरीतून घाम ओघळला. शेरिलिनने घाबरून दिसेल ते बटण दाबलं आणि उंटाच्या कार्यक्रमाचं गाणं सुरू झालं. त्या गाण्यावर ऑर्फा बोलत राहिली, आवाज चढवून. "डेन्झिलचं नाव पुडिंगवाल्या बायकांच्या पट्टीत टाकणार होते हे!"

गाणं थांबलं. दोन काकांपैकी एकाला खोकला आला. ऑर्फाला वाटलं, सुटले. आता हाकलतील, हाकलू देत.

पण ती टॅकेटांची जात ओळखायला तीस वर्षांनंतरही कमी पडली होती. केंडल हळूहळू खुर्चीतून उठला. त्याचे डोळे पाण्याने भरले, आणि अशा पाण्याला त्याला कांदाही लागत नसे.

"हालेलुया," तो कुजबुजला. मग ओरडला. "हालेलुया! ऐकलंत? इतकी वर्षं आपल्याला अर्धाच चमत्कार माहीत होता! देवाने कुणाला उठवलं? राजाला? राज्यपालाला? नाही! एका गवळ्याला! मोशे संदेष्ट्याच्या हातात त्याने काठी दिली, डेन्झिल स्टॅलार्डच्या हातात जनरेटर दिला! डेन्झिल स्टॅलार्ड! म्हणा माझ्याबरोबर!"

काकांनी म्हटलं. पुडिंगवाल्या बायकांनी म्हटलं.

"गायी मेल्या म्हणून सांगितलं मी," ऑर्फा म्हणाली. "कान आहेत का?"

"गायींनाही आमेन!" केंडल गर्जला. "अर्पण झाल्या त्या, सिस्टर! वेदीवर अर्पण झाल्या! आणि तो जनरेटर? कुठे आहे तो आज?"

"गोठ्यात. गंजून पडलाय."

"पण आहे! आहे, मित्रांनो!"

फोन वाजायला लागले. एक ठेवला की दुसरा. नोव्हालीन एका हाताने कान झाकून ओरडली, "ब्रदर केंडल! बकहॉर्नची एक बाई विचारतेय, त्या जनरेटरला घासलेलं कापड मिळेल का? तिच्या नवऱ्याला हर्निया आहे!"

ऑर्फा उठली. गळ्यापाशी लावलेला माइक तिने ओढून काढला, सोनेरी खुर्चीवर टाकला, आणि कॅमेऱ्यासमोरून चालत बाहेर गेली. मागे केंडल म्हणत होता, बघा, आत्म्याने भारावून गेल्या.

घरी डेन्झिल टीव्हीसमोरच होता, टाय तसाच.

"घेतलं की गं नाव," तो म्हणाला. चेहरा नुसता फुलला होता. "कितीदा घेतलं. सगळ्यांनी मिळून घेतलं. मोशेबरोबर घेतलं!"

"मोशेबरोबर," ऑर्फा म्हणाली. तिने घेवड्याचं पातेलं शेगडीवर आदळलं. "चुना लावला त्यांनी पुन्हा आपल्याला, आणि तू हसतोयस. मी काय सांगितलं आणि त्यांनी काय केलं, कळलं का तुला?"

"गायींचं तू नव्हतं काढायला पाहिजे."

"का? का नव्हतं?"

डेन्झिल टायची गाठ सोडत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "शेरिलिनने मधेच उंटाचं गाणं का लावलं?"

ऑर्फाने त्याच्यापुढे ताट ठेवलं, मक्याचा पाव ठेवला, आणि ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिला त्याचा इतका तिटकारा आला होता की एका खोलीत बसवेना. मरायला टेकलेल्या माणसाचा तिटकारा येऊ नये म्हणतात. ज्यांना येत नाही त्यांनी डेन्झिलबरोबर संसार करून बघावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रक येऊन उभा राहिला. मागे सपाट गाडा, वर दोर आणि ताडपत्री. केंडल उतरला, त्याच्या मागून चर्चमधली दोन दांडगी माणसं, आणि शेरिलिन खांद्यावर कॅमेरा घेऊन.

"सिस्टर ऑर्फा!" केंडलने दोन्ही हात पसरले. "कालपासून फोन थांबलेला नाही. स्टुडिओच्या दारातच मांडतो जनरेटर. आधी म्हटलं काचेत ठेवू, पण लोकांना हात लावता आला पाहिजे, नाही का? शेजारी ब्रदर डेन्झिलचा फोटो. तरुणपणीचा आहे का एखादा? जरा अंगाने भरलेला?"

ऑर्फा दारातच उभी राहिली. तिला आतून हसूच आलं, कडू. न्या म्हणावं, घाण तरी जाईल. नाहीतरी आता आतला नंदीबैल मान डोलवायला बाहेर येईलच.

डेन्झिल आलाच. पायात सपाता, मागे चाकांवरची प्राणवायूची टाकी. कुणाकडे न बघता खडीवरून खडखडत तो गोठ्याकडे निघाला. केंडल त्याच्याबरोबर चालू लागला, एक हात त्याच्या पाठीवर, जणू जन्माचा दोस्त. मधे डेन्झिल दोनदा थांबला, श्वास घेतला, पुन्हा चालला. ऑर्फा मागे होती.

गोठ्यात जुन्या पत्र्यांखाली जनरेटर होता. त्या दांडग्यांनी पत्रे बाजूला केले. शेरिलिनने कॅमेरा डोळ्याला लावला.

"त्यावर हात ठेवा, ब्रदर डेन्झिल," केंडल म्हणाला. "ठेवा, ठेवा. असं. आता सांगा, त्या रात्री प्रभू तुमच्याशी काय बोलला?"

डेन्झिलने हात ठेवला होता. गंजाचा पोपडा त्याच्या बोटांना लागला. केंडलने शेरिलिनला हाताने खुणावलं, चालू ठेव.

"हा नाही द्यायचा," डेन्झिल म्हणाला.

"काय म्हणालात?"

"हा नाही देत मी."

केंडल हसला. "अहो, विकत घेत नाही आम्ही. प्रभूच्या कामाला..."

"हा गायींचा आहे."

"कुठल्या गायी, ब्रदर?" केंडलने आजूबाजूला हात फिरवला. दोन्ही बाजूंना रिकाम्या गव्हाणी होत्या. "कुठे आहेत गायी?"

"तेच," डेन्झिल म्हणाला. "तेच सांगतोय."

दांडग्यांपैकी एकाने हातातला दोर खाली ठेवला. केंडलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बापासारखे झाले. तो ऑर्फाकडे वळला. "सिस्टर, जरा समजवा यांना. म्हातारपणात माणूस हट्टी होतो. मी लोकांना शब्द दिलाय. तुमच्या नोकरीचाही विचार करा. या वयात दुसरीकडे कोण घेणार?"

"केंडल टॅकेट," ऑर्फा म्हणाली. दहा वर्षांचा असताना तो उंटाच्या बाहुलीत नाक शिंकरायचा, तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. "तू आणि तुझं एकोणचाळीस नंबर, दोघंही चुलीत जा. त्याने नाही म्हटलंय. ऐकू आलं ना? मग नीघ."

"कॅमेरा बंद कर," केंडल शेरिलिनवर खेकसला. तिने बहुतेक भलतंच बटण दाबलं, कारण ट्रकपर्यंत कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता.

गाडा रिकामा खडखडत उतारावरून गेला. डेन्झिलच्या ओठांवर निळसर झाक आली होती. ऑर्फाने कोपऱ्यातली बादली ओढून पालथी घातली, त्याला बसवलं आणि टाकीची चावी थोडी वाढवली. तो बराच वेळ श्वासच घेत राहिला. तिला काहीतरी बोलायचं होतं, शाबास म्हणावं की इतकी वर्षं कुठे होतास म्हणून झापावं ते कळेना, म्हणून ती पत्रे परत जनरेटरवर ओढू लागली.

"वर ऐकू यायचं मला," डेन्झिल म्हणाला.

"काय?"

"त्यांचं हंबरणं. बर्फात सगळं चिडीचूप होतं ना, सगळं वर यायचं. तू त्यांना चुचकारायचीस तेही यायचं."

इतकी वर्षं ऑर्फाने एवढंच धरून ठेवलं होतं, की त्याला वर काही कळलं नसेल. कळलं असतं तर तो पायी तरी उतरला असता.

"वर मशीनला ब्रदर रॉस्कोच्या प्रवचनाची टेप होती," तो म्हणाला. "तीच फिरून फिरून लावायचो. आवाज मोठा करायचो. अगदी पुरा. शेजारी जनरेटरची धडधड, त्यात ते ओरडणं."

नाकातली नळी त्याने बोटाने नीट बसवली.

"तरी यायचं गं ऐकू."

ऑर्फाने दुसरी बादली शोधली. तिला तळ नव्हता. ती तशीच जमिनीवर बसली, त्याच्या बादलीला पाठ टेकून, रिकाम्या गव्हाणींकडे तोंड करून.